कैलास लेणं ग्रॅनाइटचं नाहीये हो, आणि तुमचा काळा ओटाही बहुधा नाही

वेरूळच्या फोटोखाली परत तेच वाक्य दिसलं, "एकाच अखंड ग्रॅनाइटमधून कोरलेलं कैलास मंदिर". पावसाळा लागला की कोकणकड्याच्या रीलवर "ग्रॅनाइटची भिंत" हे ठरलेलंच. गंमत म्हणजे हेच लोक घरी काळा ओटा बसवताना दुकानदाराला "प्युअर ग्रॅनाइटच द्या हां" असं बजावतात आणि जे घरी आणतात ते बहुतेक वेळा बेसाल्टचं सख्खं भावंड असतं. म्हणजे जिथे बेसाल्ट आहे तिथे ग्रॅनाइट म्हणायचं, आणि जिथे दुकानात ग्रॅनाइट म्हणतात तिथेही तो नसतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

बेसाल्ट तुम्हाला माहितीये, नाव माहीत नसलं तरी. आपला काळा पाषाण, काळा कातळ. रस्त्याची खडी, रुळांखालची गिट्टी, पाटा-वरवंटा, जातं, गडांचे बुरूज, हेमाडपंती देवळं, अजिंठा, कार्ले, भाजे, घारापुरी, सगळं त्याचंच. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, आजही ते जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर आहेत आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यात येतो. वेरूळही त्यातच. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात वरून खाली कोरत आणलं ते याच थरांमधून. पुढे चला.

ग्रॅनाइट मुळात लाव्हाचा नाहीच. त्याचा शिलारस, म्हणजे वितळलेला दगड, वर आलाच नाही, जमिनीखाली काही किलोमीटर खोल अडकून हळूहळू गोठला आणि वरचं सगळं झिजून गेल्यावर उघडा पडला. हंपीचे धोंडे, गोवळकोंड्याची टेकडी, श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर, तंजावरचं बृहदीश्वर (तिथे आसपास कावेरीचा गाळ आहे, दगड लांबून आणलाय) ही ग्रॅनाइटची कामं. हंपीचा ग्रॅनाइट 250 कोटी वर्षांच्या आसपासचा, त्यापुढे आपला सह्याद्री अगदीच कालचा. महाराष्ट्रात ग्रॅनाइट नाहीच असं नाही, नांदेडकडे देगलूर-बिलोलीच्या बाजूला आहे, सिंधुदुर्गात आहे, पूर्व विदर्भात आहे. पण सह्याद्रीच्या कड्यात नाही, हे कृपया लिहून ठेवा.

आता खरी गोची. लोक रंगावर जातात. काळा म्हणजे बेसाल्ट, ठिपक्यांचा म्हणजे ग्रॅनाइट, संपला विषय. पण दगडाला दोन वेगवेगळे प्रश्न विचारायचे असतात आणि सगळा घोळ त्यांची मिसळ केल्याने होतो. पहिला प्रश्न, हा थंड कुठे झाला? दुसरा, हा कशाचा बनलाय?

पहिल्याचं उत्तर कणात दिसतं. पाक निवांत ठेवला की खडीसाखर होते, घोटला तर बारीक कण होतात, तसंच इथे. खोलवर सावकाश गोठला तर प्रत्येक खनिजाला वाढायला वेळ मिळतो आणि कण नुसत्या डोळ्याने दिसतात. वर येऊन उघड्यावर पटकन गोठला तर कण इतके बारीक की हातात नुसता एकसारखा काळा दगड. दुसऱ्याचं उत्तर सिलिकात, म्हणजे वाळूत-गारगोटीत असतो त्या घटकात. बेसाल्टमध्ये सिलिका साधारण 45 ते 52 टक्के आणि लोह-मॅग्नेशियमवाली गडद खनिजं भरपूर, म्हणून काळा आणि जड. ग्रॅनाइटमध्ये सिलिका 70 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे गारगोटी आणि फेल्डस्पार हे फिकट खनिज, जोडीला थोडं अभ्रक, म्हणून फिकट, राखाडी नाहीतर गुलाबी.

हे दोन प्रश्न सुटे ठेवलेत की ओट्याचं कोडं आपोआप सुटतं. बेसाल्टचाच माल, पण वर न येता जमिनीतल्या भेगांमध्ये किंवा आणखी खोल थोडा निवांत गोठला तर त्याचे कण मोठे होतात. मध्यम कणांचा तो डोलेराइट, जाड कणांचा तो गॅब्रो. दक्षिणेतून येणारा आणि "ब्लॅक ग्रॅनाइट" म्हणून विकला जाणारा दगड बहुतेक यातला. धुळे-नंदुरबारकडे शेतांमधून सरळ रेघेत गेलेल्या दगडी भिंतींसारख्या लांबट टेकड्या पाहिल्या असतील, त्यासुद्धा अशाच भेगांत गोठलेल्या डोलेराइटच्या. दुकानदाराच्या लेखी पॉलिश घेणारा, लिंबाने न डागळणारा कुठलाही कठीण दगड ग्रॅनाइट, आणि व्यापारापुरतं ते ठीक आहे, त्यात फसवणूक काही नाही. पण तेच नाव उचलून कैलासला चिकटवू नका ना राव.

रंगावर गेलं की मोठेमोठे कसे आपटतात त्याचा नमुना म्हणजे रोझेटा शिळा. ब्रिटिश म्युझियममधली ही जगप्रसिद्ध शिळा कित्येक वर्षं काळा बेसाल्ट म्हणून सांगितली गेली. 1999 मध्ये साफ केली तेव्हा तिच्यावरचं मेण आणि जुन्या छापकामाची शाई निघाली आणि खालून करडा, मधूनच गुलाबी शीर असलेला दगड निघाला. ग्रॅनोडायोराइट, म्हणजे ग्रॅनाइटच्याच कुळातला. काळा रंग निम्मा शाईचा होता!

ट्रेकवाल्यांसाठी एक वेगळी सूचना, कारण "अरे याच्यात पांढरे ठिपके आहेत, ग्रॅनाइट आहे" हे हमखास ऐकू येतं. आपल्या बेसाल्टमध्ये पांढरं दोन प्रकारे येतं. एक, लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं नंतर झिओलाइट नावाच्या पांढुरक्या खनिजांनी भरतात, हे ठिपके गोल, बदामी किंवा वेडेवाकडे, आणि कधी आतून पोकळ असले तर स्फटिकांनी चमचमतात. दोन, कसारा घाटात किंवा मंचर-जुन्नरच्या बाजूला काही थरांत फेल्डस्पारचे चांगले काही सेंटीमीटर लांबीचे पांढुरके पट्टीसारखे स्फटिक असतात. ते जमिनीखाली असतानाच वाढलेले, मग लाव्हाबरोबर वर आले आणि भोवतीचा उरलेला रस झटकन गोठला. दोन्हीकडे बघा, पांढऱ्याच्या मागे एकसलग काळी पार्श्वभूमी आहे. ग्रॅनाइटला पार्श्वभूमीच नसते. सगळा दगड म्हणजे कणच कण, एकमेकांत घट्ट अडकलेले, काचेसारखा करडा कण गारगोटीचा, दुधी किंवा गुलाबी सपाट चकाकणारा फेल्डस्पारचा, काळी पापुद्र्याची टिकली अभ्रकाची. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करा, पण हे एकदा बघितलंत की परत रंगावर जाणार नाही.

लांबून ओळखायचं तर आणखी सोपं. बेसाल्टचे डोंगर सपाट माथ्याचे, पायऱ्या पायऱ्यांचे. ग्रॅनाइटचे गोल गरगरीत धोंडे एकावर एक रचल्यासारखे. सोलापूरहून हैदराबादला रेल्वेने गेलात तर आधी आपलं काळं पठार, वाडी-शहाबादकडे फरशीचा चुनखडक आणि हैदराबाद आलं की ते धोंडे, खिडकीतून फुकटात सगळं दिसतं.

राहिला ओटा. कडप्पा हा यातला कुणीच नाही, तो चुनखडक, लिंबू-चिंच सांडली की डाग पडणार, स्वस्त म्हणून घ्यायचा तर घ्या पण ग्रॅनाइट समजून घेऊ नका. माझं स्पष्ट मत, स्वयंपाकघराला काळा डोलेराइटच बरा, नाव काहीही म्हणा. घट्ट असतो, पाणी फारसं पीत नाही, आणि त्या फुलाफुलांच्या गुलाबी ग्रॅनाइटवर सांडलेली मोहरी शोधत बसायचा मला कंटाळा आहे. फक्त दुकानात एक करा. हलक्या प्रतीच्या करड्या दगडाला काळा रंग चढवून विकतात, तेव्हा पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन एक कोपरा जोरात घासा. फडकं काळं झालं तर दुसरं दुकान बघा. नाही झालं तर पॉलिश केलेल्या बाजूवर टॉर्च तिरपा धरून बारीक सुयांसारखे चमकणारे कण दिसतात का बघा. दिसले तर बिनधास्त घ्या, आणि बिलावर ग्रॅनाइट लिहिलं असेल तर लिहू दे.