जुन्या पेन्सिलीवरचं स्टिकर काढायचं की ठेवायचं?

जुन्या मेकॅनिकल पेन्सिली जमवणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट बसलाय: मूळ स्टिकर काढलं की किंमत गेली, तेव्हा त्याला हातच लावू नका. हे अर्धंच खरं आहे.

न वापरलेल्या पेन्सिलीवर स्टिकर जरूर ठेवा. तो तिच्या कोरेपणाचा पुरावा असतो, शिवाय काळही सांगतो. जपानी पेन्सिलीच्या स्टिकरवर ४९ने सुरू होणारा बारकोड असेल, तर तो १९७८च्या आधीचा नाही. जपानमध्ये ही पद्धत तेव्हाच आली.

वापरलेल्या पेन्सिलीवरच्या अर्धवट फाटक्या स्टिकरचं मात्र कौतुक नको. त्याचा गोंद हवेने पिवळा, चिकट होत जातो आणि डाग पाडतो. उन्हात राहिलेल्या पेन्सिलीवर स्टिकरखालचा रंग वेगळा दिसतो, तो फरक नंतर जात नाही.

काढण्याआधी फोटो घ्या. हेअर ड्रायरची कोमट हवा देऊन कडेपासून सावकाश सोलायचं. उरलेल्या चिकटपणाला थोडं खोबरेल, मग सौम्य साबणाचं पाणी. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको! त्यातल्या अॅसिटोनने प्लास्टिक विरघळतं. निघालेलं स्टिकर बटर पेपरवर लावून पेन्सिलीसोबतच ठेवा.