वन्स मोअर आणि ट्रॅक: बेळगावच्या प्रेक्षकांची जुनी तक्रार

बेळगावात एका जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग चालू होता. पहिल्या अंकातलं नायिकेचं दुसरं पद संपलं आणि मधल्या रांगांतून ‘वन्स मोअर’ आला. एक नव्हे, सात-आठ. गायिकेनं ऑर्गनकडे पाहिलं. ऑर्गनवाले तयारच होते, तबलजीनं मान हलवली. तेवढ्यात स्पीकरमधून पुढच्या नाचाचं संगीत सुरू झालं, दोन्ही विंगांतून आठ मुली घुंगरं वाजवत आत आल्या आणि गायिकेला कडेला सरकावं लागलं. मागच्या रांगांत शिट्ट्या, मोबाइल वर. माझ्या शेजारी शहापूरचे एक काका बसले होते. तिकीट पहिल्या दिवशी काढलेलं, खिशात पदांची यादी. ते म्हणाले, “पद खाल्लं की ओ त्यांनी. नाचालेत नुसते.”

मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी दोन तट पडले होते. काकांच्या वयाची मंडळी कुठल्या पदाची किती कडवी गाळली याचा हिशेब करत होती. कॉलेजातली पोरं म्हणत होती, नाच नसता तर अर्ध्यातच उठलो असतो. टिळकवाडीकडचं एक कन्नड जोडपं होतं. त्यांना मराठी समजत होतं, बोलायला मात्र अवघड जात होतं. त्यांचा निकाल एका वाक्यात: “भाळ छलो ऐत्रि,” म्हणजे फार छान आहे. काय छलो, गाणं की नाच, असं विचारल्यावर दोघं एकमेकांकडे बघून हसले. त्यांना हा प्रश्नच विचित्र वाटला असावा.

जुनी संगीत नाटकं नव्या संचात, नृत्यं वाढवून, कोल्हापूर-निपाणी-बेळगाव अशी दौऱ्यावर येतात तेव्हा थोड्याफार फरकानं हेच होतं. पुण्या-मुंबईतही होत असेल. पण गाणं आणि नाच यांची फारकत कशी झाली ही गोष्ट आमच्या जिल्ह्याच्या आसपासच घडलेली आहे, म्हणून ती इथून सांगावीशी वाटते.

सुरुवात होन्नावरजवळच्या कर्कीपासून. तिथली भागवत मंडळी १८४२ साली सांगलीला आली आणि संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांपुढे त्यांनी खेळ केले. कन्नड मुलखातला यक्षगानाच्या वळणाचा खेळ: भागवत गाणार, पात्रं नाचणार, मध्येमध्ये बोलणार. चिंतामणरावांना तो आवडला, आणि असंच काही मराठीत करा म्हणून त्यांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झालं. मराठी रंगभूमी दिन आपण याच तारखेला पाळतो. त्या दिवशी कर्कीच्या नाचणाऱ्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही, हा भाग वेगळा.

भाव्यांच्या खेळात नाच भरपूर होता. सूत्रधार आणि त्याचे साथीदार झांज-मृदंगावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायचे. विदूषक उड्या मारत यायचा, गणपती नाचायचा, मग मोरावर बसलेली सरस्वती नाचत यायची आणि त्यानंतर कथा सुरू व्हायची. पात्रांनी गायचं नसे. पद सूत्रधाराचं, हावभाव पात्राचे आणि भाषण ज्याचं त्यानं वेळेवर सुचेल तसं करायचं. राक्षस आरोळ्या ठोकत यायचा, त्यावरून या नाटकांना ‘अललडुर्र’ असं नाव पडलं. दुसरं नाव मृदंगाच्या बोलावरून, ‘तागडथोम’. दोन्ही नावं पुढच्या शिकल्यासवरल्या पिढीनं नाक मुरडत वापरली. मला दुसरं आवडतं. प्रेक्षक घरी जाताना कानात काय घेऊन जात होता ते त्यात आलं आहे.

आता मलप्रभेच्या काठी. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ सालीच, सवदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. म्हणजे भाव्यांचं नाटक आणि ते बदलणारा माणूस एकाच वर्षातले. घरात मराठी, गावात कन्नड. बेळगावात त्यांनी शिक्षकी केली, भारतशास्त्रोत्तेजक मंडळी काढून नाटकं केली, पुढे महसूल खात्यात नोकरी धरली. पुण्यात एका पारशी कंपनीचा ‘इंद्रसभा’ हा खेळ त्यांनी पाहिला आणि मराठीत असं का नको हे डोक्यात घेतलं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं. १८८५ साली, चाळिशी उलटते न उलटते तोच, ते गेले.

गंमत अशी की ‘इंद्रसभा’ हा नाचगाण्याचा खेळ. अण्णासाहेबांनी त्यातलं गाणं घेतलं, नाच पुण्यातच सोडला. भाव्यांचा पूर्वरंगही काढला. नाचणारा गणपती गेला, मोरावरची सरस्वती गेली, त्यांच्या जागी संस्कृत वळणाची नांदी आणि सूत्रधार-नटीचा प्रवेश आला. मोठा बदल मात्र गळ्याचा. शकुंतलेचं पद शकुंतलेनंच म्हणायचं, दुष्यंताचं दुष्यंतानं. ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदं आहेत. साकी, दिंडी, कामदा अशी घरात म्हटली जाणारी वृत्तं, लावणीच्या चाली आणि कन्नड चाली. जुन्या छापील प्रतींत पदांवर मूळ चाल दिलेली असते, त्यांत कन्नड गाणी दिसतात. गुर्लहोसूरचा माणूस, लहानपणी कानावर पडलेलं विसरणार कसा? पुढच्या मंडळींनीही दक्षिणेचा हात सोडला नाही. १९११ च्या ‘मानापमाना’तलं ‘चंद्रिका ही जणू’ आरभी रागात आहे, आणि आरभी कर्नाटक संगीतातला.

मग चाली घेतल्या तर पावलं का नाही घेतली? माझं मत असं. त्या काळी घरंदाज मराठी माणसाला नाच म्हटलं की कलावंतीण आठवे. आमच्या भागात तर सवदत्तीचा यल्लमाचा डोंगर, जोगत्या, चौंडकं. नाच रस्त्यावर रोज दिसत होता आणि जातीपातीच्या उतरंडीत त्याची जागा पक्की होती. नाटक सभ्य करायचं तर पायांना आवर घालणं भाग होतं. गाण्याला रागदारीचा शालू नेसवता आला, नाचाला तशी सोय नव्हती. म्हणून तो अगदीच नाहीसा झाला असं नव्हे. गोपी येत, चार पावलं टाकून जात. पण प्रेक्षक त्यांच्यासाठी तिकीट काढत नसे.

तो काढे गळ्यासाठी, आणि इथून ‘वन्स मोअर’चं राज्य सुरू झालं. भाऊराव कोल्हटकर, मग बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ. पद रंगलं की प्रेक्षक ते परत मागे, नट परत गाई, दुसऱ्या वेळी वेगळ्या जागा घेई. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटे संपला तर कुणाला नवल वाटत नसे. नाटकाचा वेग कथेच्या हातात नव्हता, अर्धा तरी प्रेक्षकाच्या हातात होता. सुभद्रेचं लग्न लागायला किती वेळ लागेल हे पिटातला माणूस ठरवायचा. काकांच्या तक्रारीचं मूळ इथं आहे. दोन कडवी गेल्याचं त्यांना दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख आपला हक्क गेल्याचं होतं.

या काळात आमचा टापू नुसता बघ्या नव्हता. केशवराव भोसल्यांनी ललितकलादर्श १९०८ साली काढली ती हुबळीत. बिळगीच्या गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या मंडळीत गेल्या. सुळेभावीला १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी पुढे बालगंधर्वांच्या गाण्यावर स्वतंत्र कार्यक्रम बांधला, ‘मला उमजलेले बालगंधर्व’. उलट बाजूही सांगितली पाहिजे. मराठी कंपन्यांचा एवढा बोलबाला झाला की कन्नड माणसाला ते बोचू लागलं. गदगला सक्करी बाळाचार्य, म्हणजे शांतकवी, यांनी कन्नड नाटकं लिहून मंडळी उभी केली त्यामागे ही बोच होती. मराठीनं आधी कर्कीहून घेतलं, मग परत जाऊन कन्नड गावांत तिकीट लावलं. सीमाभागात बसून हे लिहिताना मलाही जरा ओशाळं वाटतं, पण हिशेब हा असा आहे.

आणि कन्नडनं नाच टाकला नाही. गोकाक, बागलकोट या पट्ट्यात ‘श्रीकृष्ण पारिजात’ हा खेळ आहे. तो उभा करण्याचं श्रेय गोकाककडच्या कुलगोडच्या तम्मण्णांना देतात, आणि कौजलगी निंगम्मा या त्यातल्या गाजलेल्या कलावंत. पेटी, तबला, टाळ. सत्यभामा रुसते, कृष्ण कोरवंजीचं, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या बाईचं सोंग घेऊन येतो. पात्र गातं आणि गाता गाताच पाऊल टाकतं, ओळ संपली की तालावर गिरकी घेऊन पुढच्या ओळीवर येतं. गाणं कुठं संपलं आणि नाच कुठं सुरू झाला हे दाखवता येत नाही. मी लहानपणी एका जत्रेत पाहिलं तेव्हा रात्रभर पोत्यावर बसून होतो. शेजारची म्हातारी पान जुळवत होती, आणि सत्यभामेनं एक गिरकी चुकवली तेव्हा मान वर न करता “हूं” म्हणाली. टिळकवाडीच्या जोडप्याला माझा प्रश्न का विचित्र वाटला, ते या रात्रीवरून मला कळतं. याच सवदत्ती तालुक्यातल्या एणगीचे बाळप्पा, जे १०० वर्षं ओलांडून २०१७ साली गेले, कन्नड कंपनी रंगभूमीवर स्त्रीभूमिकांनी गाजले. गुर्लहोसूर आणि एणगी, तालुका एकच.

मराठी संगीत नाटकाची पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. बोलपट आले, कंपन्या बसल्या. साठच्या दशकात ‘मत्स्यगंधा’, ‘कट्यार काळजात घुसली’ यांनी गाण्याला नवा जीव दिला. तोही गळ्याचाच. ‘कट्यार’मध्ये झरीना उभी करणाऱ्या फैय्याज २०१५ साली बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा होत्या, आणि गावातल्या जुन्या रसिकांना तो आपलाच मान वाटला.

नाच परतला तो दुसऱ्याच दारानं. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ झालं. नाटक तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्य कृष्णदेव मुळगुंदांचं. माणसांची एक भिंत, डोलणारी, पडद्याचं काम करणारी. आणि सुरुवातीला कोण येतं? नाचणारा गणपती, मागून सरस्वती. किर्लोस्करांनी ९२ वर्षांपूर्वी रंगमंचावरून उतरवलेली देवमंडळी जशीच्या तशी परत. लोकांचा राग नाना फडणवीसांच्या चित्रणावर होता. पहिल्या संस्थेनं १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवलं, मग कलावंतांनी थिएटर अकॅडमी काढून ते पुढे नेलं, १९८० साली युरोप दौऱ्याच्या वेळी पुन्हा वादळ झालं. या सगळ्या गदारोळात नाचाबद्दल मात्र कुणी तक्रार केल्याचं दिसत नाही. पाय सभ्य झाले होते.

इथंच आजच्या दौऱ्यांचा घोळ सुरू होतो. ‘घाशीराम’चा नाच नाटकाच्या पोटातून आलेला आहे, वादक समोर आणि नट स्वतः गाणारे-नाचणारे. जुन्या संगीत नाटकाला आज जो नाच जोडतात तो बहुधा वरून शिवलेला असतो. गाणारे वेगळे, नाचणाऱ्या वेगळ्या. नाचाचं संगीत आधी ध्वनिमुद्रित, कारण आठ मुलींची पावलं मोजून बसवलेली असतात, आणि दौऱ्यावर सात-आठ वादक नेणं कंत्राटदाराला परवडत नाही. मला त्यात गैर वाटत नाही, पेट्रोल आणि लॉज कुणी फुकट देत नाही. पण ट्रॅकला कान नसतात. प्रेक्षकानं परत मागितलं काय नि न मागितलं काय, तो चार मिनिटं वीस सेकंदांचा असेल तर तेवढाच वाजतो. तागडथोमच्या काळात मृदंग्या नाचणाऱ्याच्या पायाकडे बघून हात टाकायचा, पारिजातात आजही तसंच चालतं. वय किंवा भाषा यावरून भांडण लावण्यापेक्षा हा फरक बघितला तर त्या रात्रीचे तिन्ही अभिप्राय एका जागी येतात असं मला वाटतं. पोरांना पाय हवे होते, काकांना परत मागण्याचा हक्क हवा होता, जोडप्याला दोन्ही एकत्र असणं स्वाभाविक वाटत होतं.

तिसऱ्या अंकात नायकाचं पद झालं. पुन्हा ‘वन्स मोअर’. या वेळी लगेच ट्रॅक नव्हता, किंवा पहिल्या अंकानंतर आत कुणीतरी कुणाला तरी झापलं असावं. ऑर्गननं सूर धरला. पुढच्या नाचासाठी मुली विंगेत उभ्याच होत्या, आमच्या खुर्च्यांवरून त्यांच्यापैकी दोघी दिसत होत्या. पद दुसऱ्यांदा सुरू झालं, तबल्यानं ठेका धरला, आणि त्यातल्या एकीनं उभ्याउभ्या टाच आपटायला सुरुवात केली. घुंगरांचा आवाज सभागृहात स्पष्ट येत होता. मागून कुणीतरी तिला हातानं थांबवलं, तर काका खुर्चीतून पुढे वाकून ओरडले, “राहू दे की! वाजू दे!”

प्रयोग साडेअकराच्या पुढे गेला. बाहेर काका स्कूटरची किल्ली शोधत होते, आणि गाळलेल्या कडव्यांचा हिशेब चालूच होता.