ओहम कमी, ताप जास्त

मित्राच्या गाडीच्या डिकीत दोन सबवूफर बसवले, गाणं लावलं, काचा थरथरल्या. दहा मिनिटांत अ‍ॅम्प्लिफायरवरचा हिरवा दिवा लाल झाला आणि आवाज बंद. जरा वेळ थांबलं की परत सुरू, आवाज वाढवला की परत लाल. अ‍ॅम्प इतका तापला होता की हात ठेववत नव्हता. मित्र म्हणाला, पीस खराब निघाला. पीस ठीक होता; प्रोटेक्टमध्ये, म्हणजे धोका दिसताच आपोआप बंद होण्याच्या अवस्थेत, जाऊन स्वतःचा जीव वाचवत होता. चूक माझ्या वायरिंगची होती.

स्पीकरच्या मागे ‘४ ओहम’ छापलेलं असतं, तो त्याचा इम्पीडन्स. शाळेत शिकलेल्या रोधाचा हा भाऊ, फक्त जरा चंचल. सुराच्या वारंवारितेप्रमाणे तो बदलत राहतो. शंकू, म्हणजे स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा, ज्या वारंवारितेला आपसूक डोलतो तिथे तो कितीतरी पट चढतो, मग उतरतो, वरच्या सुरांना पुन्हा चढू लागतो. ४ हा नुसता ढोबळ आकडा. म्हणूनच मल्टिमीटर लावला की ४ दिसत नाही, ३.२ ते ३.६ च्या आसपास काहीतरी दिसतं. तो शंकू हलवणाऱ्या कॉइलच्या तारेचा डीसी रोध आहे, बिघाड नव्हे. मोजण्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा आणि तेव्हा जे ०.२-०.३ दिसेल ते वजा करा. एवढ्या लहान आकड्यांत तेही मोजावं लागतं.

आता ओहमचा नियम. अ‍ॅम्प स्पीकरला २० व्होल्ट देतोय असं धरू. ४ ओहमला ५ अँपिअर करंट जाईल, म्हणजे १०० वॉट. २ ओहमला १० अँपिअर, २०० वॉट. १ ओहमला २० अँपिअर, ४०० वॉट. कागदावर फुकटची चैन! पण तोच करंट अ‍ॅम्पच्या ट्रान्झिस्टरमधूनही जातो, आणि तिथली उष्णताही त्याच्याबरोबर वाढते.

‘इम्पीडन्स मॅचिंग’ हा शब्द मला इथे फसवाच वाटतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स ओहमच्या काही शतांश भागांइतका असतो. त्याच्या बरोबरीचा स्पीकर कोणी लावत नाही. बघायचं एवढंच की कंपनीने दिलेल्या किमान ओहमच्या खाली जायचं नाही. वर गेलं तर बिघडत काही नाही. ४ ओहमच्या जागी ८ लावला तर ताकद साधारण निम्मी मिळेल, इतकंच.

आमच्या अ‍ॅम्पवर किमान आकडे लिहिले होते: स्टिरिओ (दोन्ही चॅनल वेगवेगळे) २ ओहम, ब्रिज्ड (दोन्ही मिळून एक) ४ ओहम. प्रत्येक सबवूफरला ४-४ ओहमच्या दोन कॉइल. मी चारही कॉइल समांतर जोडल्या, झाला १ ओहम, आणि तो अ‍ॅम्पला ब्रिज करून लावला. ब्रिजमध्ये दोन चॅनल एकाच स्पीकरला दोन टोकांनी उलटसुलट ढकलतात, त्यामुळे प्रत्येकाला निम्माच इम्पीडन्स जाणवतो. म्हणजे २ ओहमच्या चॅनलवर मी अर्ध्या ओहमचा भार टाकला होता!

उपाय हातभर वायरचा निघाला. प्रत्येक सबवूफरच्या दोन कॉइल एकसर, म्हणजे एकीमागे एक, जोडल्या, झाले ८ ओहम. असे दोन ८ ओहम समांतर, झाले ४. वायर घट्ट करण्याआधी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर प्रत्येक कॉइलला लावून पाहिला. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर शंकू बाहेर उडी मारतो. एक आत आणि एक बाहेर जात असेल तर बेस एकमेकांना खाऊन टाकतो आणि माणूस उगाच अ‍ॅम्पला शिव्या घालतो.

घरात ८ ओहमचे स्पीकर नेहमी दिसतात, मग गाडीत ४ चे का? कारण इंजिन चालू असताना गाडीत जेमतेम १४.४ व्होल्ट मिळतात. डॅशबोर्डवरच्या साध्या स्टिरिओतला अ‍ॅम्प तेवढ्यावरच चालतो, म्हणून ओहम उतरवूनच वॉट काढावे लागतात. खोक्यावर ‘५० वॉट × ४’ छापलेलं असतं, त्याचाही उगम इथेच. १४.४ चा वर्ग भागिले ४, साधारण ५२ वॉट. पण हे चौकोनी तरंगाचं गणित, म्हणजे पूर्ण फाटलेल्या आवाजाचं. स्वच्छ सुराला त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. अशा स्टिरिओच्या स्पीकरची मायनस वायर मात्र गाडीच्या बॉडीला कधी जोडू नका. तो आतून ब्रिजच असतो, आउटपुट जळू शकतो.

लाल दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा मित्राने सुचवलं होतं, मोठा फ्यूज टाकू या. बॅटरीजवळचा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतोच, तो वायरसाठी असतो. पत्र्यावर घासून वायरचं आवरण गेलं तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते. म्हणून तो बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत बसवतात आणि वायर जेवढं पेलेल त्याहून मोठा कधी टाकत नाहीत. आमचा फ्यूज आहे तोच राहिला. त्या संध्याकाळी तासभर गाणी वाजली, अ‍ॅम्प कोमट होता.