वळताना आवाज येतोय: एक्सल वाजतोय की बेअरिंग गेलंय?

‘वळताना आवाज येतो’ एवढंच सांगून गाडी गॅरेजात सोडली, की बहुतेक वेळा दोनपैकी एका गोष्टीवर बोट ठेवलं जातं: ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी जोर पोचवणारा सांधा) किंवा व्हील बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं ते). दोन्ही एकाच चाकामागे अगदी खेटून असतात. जॉइंटचं टोक बेअरिंगच्या मधूनच हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, शिरतं, त्यामुळे आत बसलेल्याला आवाज एकाच जागेहून आल्यासारखा वाटतो. चुकीचा भाग बदलला तर पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो. म्हणून गाडी देण्याआधी मालकानं स्वतः कान देऊन ऐकावं, असं मला मनापासून वाटतं. रोज ती गाडी चालवणाऱ्याला तिचा बदललेला आवाज जितका कळतो, तितका दुसऱ्या कुणाला कळत नाही. आणि या दोन आवाजांत गफलत होण्याचं खरं तर कारण नाही.

सीव्ही जॉइंट गेला की गॅरेजात म्हणतात, ‘एक्सल वाजतोय’. हा आवाज तुटक असतो: कट्, कट्, कट्. सोसायटीच्या पार्किंगमधून बाहेर पडताना किंवा यू-टर्न घेताना, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, वेग कमी आणि पाय ॲक्सिलरेटरवर असताना तो येतो. चाक जितकं जलद फिरेल तितकी कटकट जलद होते. स्टिअरिंग सरळ केलं की बंद. जॉइंटमध्ये पिंजऱ्यात बसवलेले सहा पोलादी गोळे खाचांमधून फिरतात. शाफ्ट सरळ असताना ते जवळपास जागच्या जागी असतात, चाक वळलं की प्रत्येक फेऱ्यात खाचेत पुढे-मागे सरकतात. खाच झिजली असेल तर जोर पडताच गोळा त्या खळग्यात आपटतो.

आणि झिजण्याचं मूळ जवळजवळ नेहमी एकच असतं: जॉइंटवरचं फाटलेलं रबरी आवरण, म्हणजे बूट. घड्या घड्यांचा तो काळा बूट चिरला की फिरत्या शाफ्टमुळे ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि पावसाळ्यातलं पाणी, चिखल, रेती आत जाते. चाकामागे वाकून टॉर्च मारा. रिमच्या आतल्या बाजूला, सस्पेन्शनवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर निम्मं निदान तिथेच झालं. बूट फाटलाय पण कटकट सुरू झालेली नाही, अशा वेळी पकडलं तर जॉइंट साफ करून, योग्य ग्रीस भरून नुसता बूट बदलता येतो. कटकट सुरू झाल्यावर मात्र कितीही ग्रीस भरा, झिजलेली खाच भरून येत नाही. जॉइंट किंवा अख्खा शाफ्टच बदलावा लागतो.

अर्थात, हे पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळणाऱ्या गाड्यांपुरतं. अँबॅसिडर आणि पद्मिनीला मागच्या चाकांची ओढ होती. पुढच्या चाकांची ओढ घराघरात पोचली ती 1983च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800पासून. आजही ओम्नी किंवा साध्या टू-व्हील ड्राइव्ह बोलेरोच्या पुढच्या चाकांना हे शाफ्ट नसतात, तेव्हा तिथे कुणी ‘पुढचा एक्सल वाजतोय’ म्हणालं तर थांबून विचारा.

बेअरिंगचा आवाज याच्या अगदी उलट. तुटक नाही, सलग. पिठाच्या गिरणीसारखी घरघर. पार्किंगमध्ये बहुधा काहीच नसतं, चाळीस-पन्नासच्या पुढे सुरू होते आणि वेगाबरोबर चढते. सुरक्षित सरळ रस्त्यावर, इंजिन चालू ठेवून, क्षणभर न्यूट्रल करा. घरघर तशीच राहिली तर इंजिनाचा संबंध नाही. आता लांबट वळणावर ऐका. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून तेव्हा आवाज वाढून उजवीकडच्या वळणावर कमी होत असेल, तर संशय उजव्या बेअरिंगवर घ्यायचा.

इथे टायर फसवतो. वेडावाकडा झिजलेला टायरही हुबेहूब असाच घुमतो. पण काँक्रीटच्या एक्सप्रेसवेवरून डांबरी रस्त्यावर उतरताच त्याचा सूर बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. तरी शंका असेल तर पुढचे टायर मागे टाकून बघा. आवाज मागे गेला तर दोष टायरचा.

खात्रीसाठी गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा. चाक हातानं फिरवताना दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी तळव्याला कळते. मग चाक वर-खाली धरून हलवा. प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा: प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर सस्पेन्शनचा बॉल जॉइंट किंवा लोअर आर्म बघा. प्ले नाही म्हणून बेअरिंग चांगलंच, असं मात्र नाही. सुरुवातीला ते नुसतं घरघरतं.

दुरुस्ती लांबवायला वाव कुठे जास्त? दोन्हीकडे कमीच. जॉइंट तुटला तर डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा भाग) सगळा जोर त्या मोकळ्या बाजूला सोडतं आणि गाडी जागेवर उभी राहते. प्ले आलेलं बेअरिंग त्याहून वाईट, कारण तिथे चाकच डगमगत असतं. त्या गाडीनं घाट चढू-उतरू नका.

बऱ्याच लहान गाड्यांत बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे चाकामागच्या, स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या धातूच्या भागात, दाबून बसवलेलं असतं. ते प्रेसवरच बसवून घ्या. हातोड्यानं ठोकलं तर नव्या बेअरिंगच्या कड्यांवर खुणा पडतात आणि घरघर लवकरच परत येते. काही एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाड्यांत बेअरिंगच्या एकाच बाजूला चुंबकीय रिंग असते, ती बाजू उलटी बसली तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. एक्सलचा नट नवीन वापरून टॉर्क रेंचनं आवळायचा, आणि स्ट्रटचे (सस्पेन्शनच्या स्प्रिंग-शॉकअबचा खांब) बोल्ट काढले असतील तर शेवटी अलाइनमेंट. बेअरिंगसाठी शाफ्ट हबमधून बाहेर काढावाच लागतो, तेव्हा त्याच वेळी बूट नीट बघून घ्या. चिरा दिसल्या तर तिथेच बदला, वेगळी मजुरी वाचते.