वायू मोजायचा, पण सेल उघडायचा नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रॅक्टर-ट्रकची जुन्या धाटणीची शिशाची बॅटरी चार्जिंगला लावताना आधी बुचं सैल करतात. सेलचा (बॅटरीतल्या एका कप्प्याचा) व्होल्टेज २.४ च्या आसपास गेला की आतलं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो, बुडबुडे सुटतात. जादा चार्जिंगचा प्रत्येक अँपिअर-तास सेलमागे सुमारे ०.३४ ग्रॅम पाणी खातो. डिस्टिल्ड वॉटरची बाटली शेजारी असते ती त्यासाठीच. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते, म्हणून तिथे बिडी ओढणाऱ्याला हाकललं जातं.

गंमत म्हणजे सुरुवातीला हिशोब उलटा होता. फ्रेंच शास्त्रज्ञ प्लान्टेची शिशाची बॅटरी आली १८५९ साली. त्याच्याही आधी, १८३० च्या दशकात, मायकेल फॅरडे नळीत जमलेल्या वायूवरून किती वीज गेली ते मोजत होता. वायू हेच त्याचं माप होतं.

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणला आणि बुचाचा प्रश्नच संपला. सेल कायमचा बंद. वायू मात्र थांबला नाही. पहिल्या चार्जिंगलाच इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला द्रव, मोडून इथिलीनसारखे वायू निघतात. पाउच सेलमधून, म्हणजे मऊ पिशवीत बंद केलेल्या सेलमधून, कारखान्यातच ते काढून घेतात आणि मग पिशवी सील करतात. त्यानंतर जे तयार होतं, त्याने मोबाइलची पाठ उचलली जाते.

वायू कोणता, हे कळायला १९८० च्या दशकात एक पद्धत रुळली. सच्छिद्र पडद्यातून वायू थेट मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे वस्तुमानावरून वायू ओळखणाऱ्या यंत्रात, ओढायचा. पद्धत नेमकी, पण त्यासाठी सेल खास बनवावा लागतो. दुकानातला चालत नाही.

कॅनडात बॅटरी-संशोधक जेफ डान यांच्या गटाने केलेला उपाय पंचगंगेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या कुणालाही पटेल. पाउच सेल वजनकाट्याला टांगून द्रवात बुडवायचा आणि तसाच चार्ज-डिस्चार्ज करायचा. पिशवी फुगली की तरंगण्याचा जोर वाढतो, काट्यावरचं वजन घटतं. पाण्यात १ मिलिलिटर फुगवटा म्हणजे १ ग्रॅम घट. आर्किमिडीजचंच तत्त्व! पत्र्याच्या कडक डब्यातल्या सेलला हे लागू नाही; तिथे दाब मोजावा लागतो.

चालू सेलवर मोजण्याचा आग्रह का, तर काही वायू आतच जिरतो. कार्बन डायऑक्साइड एका इलेक्ट्रोडवर सुटतो आणि दुसऱ्यावर खर्ची पडतो. शेवटी सेल कापून पाहणाऱ्याला त्यातला बराचसा दिसतच नाही.