नाशिकला छापलेला आखाती रुपया

माझ्या संग्रहात दहा रुपयांची एक लाल नोट आहे. अशोकस्तंभ, रिझर्व्ह बँकेचे नाव, गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार यांची सही, मागच्या बाजूला शिडाचे गलबत. सगळे आपल्या ओळखीचे. वेगळ्या आहेत त्या दोनच गोष्टी, नोटेचा रंग आणि क्रमांकाच्या सुरुवातीचे इंग्रजी ‘झेड’ हे अक्षर. उजेडात धरली की कडेजवळ दोन बारीक भोके दिसतात. बँकेत गड्ड्या तारेच्या पिनेने टोचून ठेवत असत, त्याची ती खूण. ही नोट आपल्या सरकारी छापखान्यात, नाशिकरोडला छापली गेली. पण नाशिकच्या बाजारात तिच्यावर पावशेर साखरही मिळाली नसती, कारण भारतात ती चलन म्हणून वैध नव्हती. ती वापरायची होती कुवेत, बहरीन, कतार, दुबई आणि मस्कतमध्ये.

आखातातल्या जुन्या नोटा जमवू पाहणारे बहुतेक जण दुबईचे जुने दिरहम किंवा कुवेतचे दिनार यांच्यापासून सुरुवात करतात. ते चुकीचे नाही, पण गोष्ट मधूनच सुरू होते. त्या सगळ्या चलनांचे मूळ या लाल नोटेत आहे. ते समजले की कोणती नोट महाग का आणि कोणती स्वस्त का, हेही आपोआप उलगडत जाते.

आखाताचा आणि मुंबईचा व्यवहार जुना. बहरीन-कुवेतच्या समुद्रातले मोती विकायला मुंबईत यायचे आणि परतीच्या गलबतांतून तांदूळ, कापड, लाकूड जायचे. त्या भागावर ब्रिटिशांची देखरेख होती ती भारत सरकारच्या मार्फत. टपालाची तिकिटेसुद्धा भारताचीच असत, वर फक्त ‘बहरीन’ किंवा ‘कुवेत’ असा शिक्का. साहजिकच व्यवहाराचे नाणे रुपया. मस्कत-ओमानच्या आतल्या भागात ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या नावाची चांदीची नाणी, थेलर, चालत, पण बंदरांच्या बाजारपेठांत रुपयाच होता. १९४७ नंतर ब्रिटिश भारतातून गेले, तरी आखातातला रुपया तसाच राहिला. कुणाला तो बदलण्याची गरज वाटली नाही.

ती गरज निर्माण केली सोन्याने. स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर बंदी होती, आणि आपल्याकडे मुलीच्या लग्नापासून अडीअडचणीपर्यंत सगळ्याला सोनेच लागते. आंतरराष्ट्रीय भाव औंसाला ३५ डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबात तोळ्याला साडेबासष्ट रुपये. मुंबईच्या बाजारात मात्र पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस तोळ्याचा भाव शंभरीच्या पुढे गेलेला. एवढी तफावत असेल तर माल येणारच. दहा तोळ्यांची बिस्किटे गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागली आणि त्यांची किंमत नोटांच्या रूपाने आखातात जाऊ लागली.

इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे ती पुढची. त्या नोटा आखातात पडून राहत नसत. तिथे रुपया हे अधिकृत चलन, त्यामुळे बँका त्या बिनदिक्कत स्वीकारत, गठ्ठे रिझर्व्ह बँकेकडे पाठवत आणि बदल्यात स्टर्लिंग, म्हणजे ब्रिटिश पौंड, घेत. म्हणजे चोरट्या सोन्याची किंमत शेवटी भारताच्या परकीय गंगाजळीतून चुकती होत होती, तीही दुसऱ्या पंचवार्षिक योजनेमुळे गंगाजळी आटत चाललेली असताना. कोणती नोट प्रामाणिक व्यापाऱ्याची आणि कोणती सोन्याची, हे ओळखायला काही मार्ग नव्हता. दोन्ही नोटा सारख्याच.

उपाय साधा होता. नोट वेगळी करा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन २८-अ हे कलम आले. भारताबाहेर फिरणाऱ्या नोटांवर नियंत्रण राहावे म्हणून खास नोटा काढायची परवानगी त्यात आहे, आणि या नोटा भारतात वैध चलन नाहीत हेही स्पष्ट लिहिले आहे. पाच, दहा आणि शंभरच्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या, एक रुपयाची भारत सरकारची. नक्षी तीच ठेवून रंग बदलले: पाच नारिंगी, दहा लाल, शंभर हिरवी, एक रुपयाची लाल. आखातातल्या लोकांनी आपल्याकडच्या भारतीय नोटा देऊन या घ्यायच्या, आणि त्यानंतर साध्या भारतीय नोटेला तिथे मोल नाही.

त्याच वर्षी हज यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभरच्या आणखी वेगळ्या नोटा निघाल्या. त्यांच्यावर ठळक ‘हज’ असा शब्द आणि क्रमांकाआधी ‘एचए’. मुंबईहून बोटीने निघणारे यात्रेकरू त्या घेऊन जात आणि सौदी अरेबियात त्या बदलून मिळत. यातली शंभराची नोट आज जवळपास दिसतच नाही. दिसली तरी सर्वसाधारण संग्राहकाच्या आवाक्यात राहिलेली नाही.

आखाती रुपयाला आयुष्य मात्र फार लाभले नाही. कुवेतने १ एप्रिल १९६१ रोजी स्वतःचा दिनार आणला. एका दिनाराची किंमत एक पौंड, म्हणजे १३ रुपये ५ आणे ४ पै. बहरीनने ऑक्टोबर १९६५ मध्ये दिनार आणला, दहा रुपयांना एक. राहिलेल्यांना धक्का दिला तो ६ जून १९६६ ने. त्या दिवशी रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून थेट साडेसात रुपयांवर गेला. दुबईच्या किंवा दोह्याच्या व्यापाऱ्याचा त्या निर्णयाशी काडीचा संबंध नव्हता, पण त्याच्या तिजोरीतला रुपया एका रात्रीत हलका झाला. कतार आणि दुबईने सामाईक चलन मंडळाचा करार मार्चमध्येच केला होता. सप्टेंबर १९६६ मध्ये त्यांचा कतार-दुबई रियाल बाहेर पडला, मधले काही महिने त्यांनी सौदी रियालवर काढले. अबुधाबीने बहरीनचा दिनार स्वीकारला.

गंमतीचा भाग असा की रुपया गेला तरी त्याचे माप मागे राहिले. कतार-दुबई रियाल जुन्या, अवमूल्यनापूर्वीच्या रुपयाएवढाच ठेवला होता. १९ मे १९७३ रोजी संयुक्त अरब अमिरातीने दिरहम आणला तो रियालला एक असा. बहरीनचा दिनार दहा रुपयांचा होता, आणि आजही एका बहरिनी दिनाराला साधारण पावणेदहा दिरहम मिळतात. दुबईतली म्हातारी माणसे दिरहमला ‘रुबिया’ म्हणतात ते उगीच नाही.

सर्वांत शेवटपर्यंत आखाती रुपया टिकला ओमानमध्ये. ७ मे १९७० रोजी तिथे रियाल सैदी आला. त्याचीही किंमत एक पौंड, पण आता त्याला २१ आखाती रुपये मोजावे लागले. कुवेतला ज्या पौंडासाठी तेरा रुपये आणि काही आणे पुरले, त्याच पौंडाला नऊ वर्षांनी एकवीस. अवमूल्यनाचा सगळा इतिहास या दोन आकड्यांत सामावला आहे. मला हे दोन आकडे कोणत्याही आलेखापेक्षा जास्त बोलके वाटतात.

आता किमतीकडे वळू. संग्राहकांमध्ये नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती जुनी?’ आखाताच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. सगळेच प्रकरण साठ-सत्तर वर्षांचे. विचारायला हवे ते ‘परत किती गेल्या?’ आखाती रुपया बंद झाला तेव्हा बँकांनी नोटा गोळा करून भारताकडे पाठवल्या आणि आपल्या सरकारने त्यांचे मोल चुकते केले. शंभराची नोट त्या काळी महिन्याच्या पगाराएवढी. ती आठवण म्हणून कोण ठेवणार? एक रुपयाची मात्र एखाद्या पेटीत, पोथीत, कुराणाच्या वेष्टनात राहून गेली. म्हणून एकाची नोट आजही बऱ्यापैकी मिळते, पाच-दहाच्या शोधाव्या लागतात, आणि शंभराची लिलावात आली की बोली चढत जाते. कतार-दुबईच्या १, ५, १०, २५, ५० आणि १०० रियालांच्या मालिकेत २५ आणि ५० च्या नोटा विशेष दुर्मिळ आहेत. त्या मालिकेवर गलबत, तेलविहिरीचा मनोरा आणि खजुराचे झाड शेजारी शेजारी आहेत. आखात कुठून कुठे चालले होते, ते एका चित्रात.

रियाल सैदीच्या नोटांचे महत्त्व वेगळ्या कारणाने. त्या निघाल्यावर अडीच महिन्यांत, २३ जुलै १९७० ला, सुलतान सैद यांना बाजूला सारून त्यांचे चिरंजीव काबूस गादीवर आले. देशाच्या नावातले ‘मस्कत’ गळाले. १९७२ च्या नोटांवर रियाल ओमानी आला. ‘मस्कत आणि ओमान’ हे नाव असलेली कागदी नोटांची मालिका ही एवढीच.

याच्या अगदी उलट उदाहरण कुवेतचे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजांनी कुवेतच्या मध्यवर्ती बँकेतून कोऱ्या नोटांचे गठ्ठेच्या गठ्ठे लुटून नेले. कुवेत सरकारने त्या मालिकांचे क्रमांक रद्द केले आणि मुक्ततेनंतर मार्च १९९१ मध्ये वेगळ्या रंगांच्या नोटा काढल्या. लुटीतल्या त्या नोटा पुढे जगभरच्या संग्राहकांच्या बाजारात उतरल्या. दिसायला कुरकुरीत, एकही घडी नाही. नवखा माणूस हरखून जातो. मी स्वतः एका प्रदर्शनात दहा दिनाराच्या अशा नोटेला तिच्या लायकीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजले आहेत. विक्रेत्याने फक्त ‘यूएनसी आहे’, म्हणजे न वापरलेली कोरी नोट आहे, एवढेच सांगितले, आणि मी क्रमांकाची मालिका पडताळून पाहिली नाही. सूचींमध्ये रद्द मालिका स्वतंत्र दिलेल्या असतात, पाच मिनिटांचे काम होते.

सौदीच्या बाबतीत नोटेऐवजी पावतीपासून सुरुवात करावी लागते. तिथल्या चलन संस्थेला कागदी चलन काढायची मुभा नव्हती. मग १९५३ पासून हाजींच्या सोयीसाठी ‘पावत्या’ निघाल्या: आधी १० रियाल, पुढे ५ आणि १. वर अरबीसोबत उर्दू, फारसी, मलाय, तुर्की, इंग्रजी मजकूर. चांदीचे जड रियाल बाळगण्यापेक्षा त्या इतक्या सोयीच्या ठरल्या की सगळा देश त्या चलन म्हणून वापरू लागला. हातोहात फिरल्यामुळे बहुतेक मळकट आणि घड्यांनी जीर्ण झालेल्या सापडतात. अशा पावतीत स्वच्छ प्रत मिळाली तर किंमत कित्येक पट होते.

आखाती रुपयांच्या प्रतवारीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पिनेची भोके हा भारतीय नोटांचा जन्मखूण म्हणावा असा गुण, न वापरलेल्या नोटेलाही ती असतात. भोके आहेत म्हणून नोट नाकारू नये, पण ती फाटून मोठी झाली असतील किंवा गंजाचा डाग पसरला असेल तर भाव उतरवून मागावा. भोके अजिबात नसतील तर उलट नोट जास्त बारकाईने पाहावी: भोके बुजवली आहेत का, धुऊन इस्त्री केली आहे का. धुतलेल्या नोटेचा कागद बोटाला मऊ, निर्जीव लागतो आणि छपाईचा उठाव बसलेला असतो. आणि रंगावर कधीही एकट्यावर विसंबू नये. रसायनाने साध्या नोटेचा रंग बदलता येतो, पण तिच्या क्रमांकाआधी ‘झेड’ आणता येत नाही. माझ्या लाल दहाच्या नोटेवर मी सर्वांत आधी भिंग धरले ते त्याच अक्षरावर.