टिळकांना हायकोर्टात अपील का करता आलं नाही?

जजने शिक्षा कमी करायला नकार दिला की आपल्याकडे लगेच म्हणतात, मग काय, वर अपील करेल. आज ते बरोबरच आहे, कारण एकदा निकालावर सही झाली की त्या जजला स्वतःलाही शिक्षा बदलता येत नाही, लिखाणातली किंवा हिशोबाची चूक तेवढी दुरुस्त होते. पण हे अपील सगळ्यांनाच पहिल्यापासून मिळत नव्हतं.

१९०८ चा टिळकांचा राजद्रोहाचा खटला बघा. पुण्याच्या सेशन्स कोर्टात चालला असता तर हायकोर्टात अपील होतं, ज्युरी (म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिकांचे पंच) असली तरी. ज्युरीच्या खटल्यात अपील फक्त कायद्याच्या मुद्द्यावर व्हायचं, पण 'शिक्षा फार कडक आहे' हा १८९८ च्या क्रिमिनल प्रोसीजर कोडमध्ये, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्यात, कायद्याचाच मुद्दा धरला जायचा. पण खटला चालला मुंबई हायकोर्टातच, जस्टिस दावर आणि ज्युरीसमोर, ७ विरुद्ध २ ने दोषी ठरले, ६ वर्षं काळं पाणी आणि १००० रुपये दंड. आणि गंमत म्हणजे हायकोर्टाने स्वतः चालवलेल्या फौजदारी खटल्यावर हायकोर्टात अपीलच नाही, १८६५ च्या लेटर्स पेटंटमध्ये (हायकोर्टाला अधिकार देणाऱ्या राजाज्ञेत) तसं स्पष्टच होतं! म्हणजे जिल्ह्यातल्या खुन्याला जे मिळायचं ते इथे नाही.

मग उरलं लंडनचं प्रिव्ही कौन्सिल, तेव्हाचं सगळ्यात वरचं कोर्ट. पण तिथली भूमिका अशी की आम्ही काही फौजदारी अपील कोर्ट नाही, फारच घोर अन्याय झाला असेल तरच बघू. टिळकांवर आधी १८९७ लाही राजद्रोहाचा खटला झाला होता, त्यातल्या १८ महिन्यांच्या शिक्षेवर तिथे टिळकांतर्फे अ‍ॅस्क्विथ उभे राहिले, तेच पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले, तरी परवानगी नाही. १९०८ च्या शिक्षेनंतर टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे त्यासाठी इंग्लंडला गेले, तेव्हाही नकारच. एवढे पैसे आणि माणसं असून ही गत, मग साध्या कैद्याचं काय होत असेल.

हे बदललं थेट १९४३ ला, कोडमध्ये कलम ४११अ घातलं आणि हायकोर्टाच्या अशा खटल्यांवर हायकोर्टातच अपील आलं. १९४९ ला प्रिव्ही कौन्सिलचा संबंध संपला, १९७३ च्या कोडमध्ये हायकोर्टाने चालवलेल्या खटल्याचं अपील सुप्रीम कोर्टात गेलं. आता त्या कोडच्या जागी आलेल्या नव्या कायद्यात, बीएनएसएसमध्येही तेच आहे, आणि सेशन्स कोर्टात गुन्हा कबूल केला असला तरी फक्त शिक्षा जास्त झाली एवढ्यावर वर जाता येतं.